अंधाऱ्या स्टुडिओत फोकस डोळ्यांऐवजी नथीवर जातोय – मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

तुळशीचं लग्न लागलं की नवरीच्या पोर्ट्रेटची कामं सुरू होतील. त्याआधी हा प्रश्न सुटायला हवा.

कॅमेरा कॅनन 80डी, लेन्स 85 एमएम एफ/1.8. मागे काळा पडदा, एका बाजूने सॉफ्टबॉक्स लावलेला एकच स्टुडिओ फ्लॅश, तो उडवायला कॅमेऱ्यावर रेडिओ ट्रिगर. आयएसओ 100, शटर 1/160, एफ/2.8. ट्यूबलाइटचा हिरवट रंग त्वचेवर नको म्हणून खोलीतले दिवे बंद असतात. पिवळेपणा येईल म्हणून फ्लॅशमधला सतत जळणारा हॅलोजनचा दिवा, म्हणजे मॉडेलिंग लॅम्पही लावत नाही.

शटर अर्धं दाबलं की लेन्स पुढे-मागे फिरत राहते. लॉक झालीच तर नथीवर. मोती इतके लख्ख की प्रत्येकात सॉफ्टबॉक्सचा पांढरा चौकोन दिसतो आणि पापण्या मात्र धूसर! मधला पॉइंट डोळ्यावर धरून, लॉक करून मग फ्रेम सरकवतो. दिवसा उजेडात हीच लेन्स अचूक चालते.

लेन्सचं छिद्र लहान करून एफ/8 ला नेलं तर डोळे सापडतील, पण गजरा आणि खांद्यावरचा पदर विरघळलेला हवा, तोच तर या फोटोचा जीव आहे. लॅम्प लावू का? की सरळ मॅन्युअल फोकस करू?

प्रतिसाद

लेन्स ठीक आहे, उजेड कमी पडतोय. फ्लॅश चमकतो शटर उघडल्यावर, फोकस त्याआधीच झालेला असतो. ऑटोफोकसला फ्लॅशचा काडीचाही उपयोग नाही, त्याला खोलीतल्या उजेडावरच भागवावं लागतं. त्याला कॉन्ट्रास्ट लागतो आणि अंधारात तो चेहऱ्यावर उरतो फक्त मोत्यांत.

दोन मीटरवरून 85 एमएम, एफ/2.8 म्हणजे तुमच्या सेन्सरवर शार्प पट्टा जेमतेम 6 सेंमी, पुढे तीन, मागे तीन. नथ डोळ्याच्या साधारण तेवढीच पुढे असते. एफ/4 ला पट्टा 8 सेंमीच्या वर जातो आणि गजरा तरीही विरघळतो. आधी तो बदल करा.

मॉडेलिंग लॅम्प बिनधास्त लावा. शंका असेल तर ट्रिगर बंद करून त्याच सेटिंगवर एक फोटो काढा. काळाकुट्ट आला की लॅम्पचा रंग फोटोत येत नाही हे पक्कं. ट्यूबलाइटचीही अशीच परीक्षा घ्या. उजेडाने बुबुळातली काळी बाहुली लहान होते आणि डोळ्यांचा रंग जास्त दिसतो, मला तर ते आवडतं.

फ्रेम सरकवणं मात्र सोडा. कॅमेरा कलला की फोकसचं प्रतलही कलतं. 80डीचे सगळे 45 फोकस पॉइंट क्रॉस टाइप आहेत, म्हणजे आडव्या-उभ्या दोन्ही रेषा पकडतात, फ्रेम आधी ठरवा आणि डोळ्यावर पडणारा पॉइंट निवडा. फोकस मोड वन शॉट, म्हणजे एकदा लॉक झाला की तिथेच थांबणारा. ट्रिगरला लाल फोकस असिस्ट दिवा असेल तर तो चालू करा, व्ह्यूफाइंडरमधून बघताना त्याची मोठी मदत होते.

मॅन्युअल करायचंच तर ट्रायपॉड, लाइव्ह व्ह्यू, दहापट झूम. एक्स्पोजर सिम्युलेशन, म्हणजे सेटिंगप्रमाणे उजेड स्क्रीनवर दाखवणं, बंद ठेवा, नाहीतर स्क्रीन काळीच दिसेल. आणि नवरीला स्टुलाऐवजी पाठ टेकता येईल अशी खुर्ची द्या. सहा सेंमीच्या पट्ट्यात बसणाऱ्याचं नुसतं डोलणंही फोकस घालवतं.