गोपनीय अहवालात वर्गातलं शिकवणं कसं नोंदवायचं? मुख्याध्यापकांचं मार्गदर्शन हवंय

नमस्कार मंडळी,

परळ भागातल्या एका अनुदानित मराठी प्राथमिक शाळेची मुख्याध्यापिका म्हणून मी यंदा कार्यभार घेतला. आता शिक्षकांचे गोपनीय अहवाल, म्हणजे त्यांच्या वर्षभराच्या कामाचं मूल्यमापन, लिहायचे आहेत आणि एका बाबतीत मनाचा निश्चय होत नाहीये. इथे बरेच आजी-माजी मुख्याध्यापक आहेत, म्हणून विचारते.

पाठनिरीक्षणाचा जो तक्ता आमच्याकडे चालत आलाय, त्यात टाचण (पाठाची लेखी पूर्वतयारी), फलकलेखन, साधनांचा वापर, वर्गशिस्त, वह्या तपासणी असे रकाने आहेत. मुलं काय शिकली, यासाठी तळाशी जेमतेम एक ओळ.

दुसरीच्या बाईंचं टाचण रोजच्या रोज पूर्ण, फळा देखणा, वर्ग एकदम शांत. मुलं धडा घडाघडा म्हणतात, पण मधलंच पान उघडून दिलं की अडखळतात. तिसरीच्या सरांचं टाचण अर्धं कोरं. त्यांच्याकडे बीएलओचं, म्हणजे मतदारयादीचं काम आहे, आणि शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ मध्ये शिक्षकांना निवडणुकीचं काम देण्याची मुभा आहे. वर्गात कायम गलका.

पण त्या गलक्यात मी बसले होते तेव्हा ४२ वजा १७ चाललं होतं. एका मुलीने पाटीवर ३५ लिहिलं, सातातून दोन काढून. सर ‘चूक’ म्हणाले नाहीत. काड्या पुढे सरकवून म्हणाले, “३५ उरल्या ना? त्यात दिलेल्या १७ मिळव बघू.” तिने शेजारच्या मुलाला घेऊन मोजल्या. ५२ भरल्या. “सर, दहा जास्त झाल्या!” मग तिने आपणहून चार गठ्ठ्यांपैकी एकाचं रबर काढलं, काड्या सुट्या केल्या आणि १७ बाजूला ठेवल्या. हातच्याची वजाबाकी तिला त्या क्षणी समजली. तक्त्यात हे कुठे लिहू?

तक्त्याप्रमाणे गेलं तर बाई ‘उत्कृष्ट’ आणि सर ‘बरा’. हे मला पटत नाही. शिक्षण हक्क कायद्याच्याच कलम २९ मध्ये मुलाने कृतीतून, शोधातून शिकावं, त्याला भीती वाटू नये असं स्पष्ट म्हटलंय. मग वर्गातली शांतता हा निकष कसा धरायचा? पण बाईही मनापासून कष्ट करतात. त्यांच्यावर एकदम प्रतिकूल शेरा मारायला हात धजत नाही. वरिष्ठ श्रेणी, निवड श्रेणी या वरच्या वेतनश्रेणी देताना हेच अहवाल काढले जातात.

एनसीईआरटीचं ‘पिंडिक्स’ वाचलं. त्यात शिक्षक स्वतःच आपलं काम चार पातळ्यांवर तपासतो. मला ते आवडलं, पण आमच्या स्टाफरूममध्ये आणखी एक कागद म्हणून ते सगळे भरून टाकतील अशी भीती वाटते. कुणी खरोखर वापरलंय का? शिक्षक प्रामाणिकपणे भरतात का?

माझ्या मते पाठनिरीक्षणाचं लॉगबुक सुधारणेसाठी असावं आणि गोपनीय अहवालापासून वेगळं ठेवावं. नाहीतर मी वर्गात शिरले की नेहमीचं शिकवणं थांबतं आणि नमुना पाठ सुरू होतो. शिवाय जे लिहीन ते शिक्षकाला दाखवायचंच. सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये देव दत्त प्रकरणात सरकारी कर्मचाऱ्याच्या अहवालातली प्रत्येक नोंद त्याला कळवावी असं म्हटलंय. आपल्याकडेही तेच रास्त. पण लॉगबुक वेगळं ठेवलं तर विभाग निरीक्षक हरकत घेतात का?

आणि सगळ्यात अवघड ते हे. बाईंनी सरांच्या गणिताच्या तासाला बसावं, सरांनी बाईंची वह्या तपासण्याची पद्धत बघावी, असं मनात आहे. बाई माझ्यापेक्षा सेवाज्येष्ठ आहेत. त्यांचा मान राखून हा विषय कसा काढायचा? स्टाफ मीटिंगमध्ये सगळ्यांसाठी म्हणून मांडू, की आधी त्यांच्याशी एकटीने बोलू?

वर्गातलं प्रत्यक्ष शिकवणं टिपणारा एखादा तक्ता तुमच्या शाळेत असेल तर नावं काढून इथे टाका. एका पानाचा असेल तर फारच बरं.