‘पाठीशी घालणे’ आणि ‘पाठीशी उभे राहणे’: फरक नेमका कुठे?

माहीमकर
मुलगा नववीत, शाळा दादरची. यंदा मॉनिटर झालाय. बाई ऑफिसात गेल्या की बडबड करणाऱ्यांची नावं फळ्यावर लिहायची, हे त्याचं काम. परवा सगळ्यांची लिहिली, जिगरी दोस्ताचं तेवढं गाळलं. पुढच्या बाकावरून ताबडतोब बोंब झाली. बाई म्हणाल्या, “मित्राला पाठीशी घालतोस?” घरी येऊन मलाच विचारतो, “मित्राच्या पाठीशी राहावं असं बाबा, तूच सांगतोस ना?” पाठ तीच, मग एक शाबासकी आणि एक ठपका कसा? मला काही धड सांगता आलं नाही.

शब्दखूळ
पोराने बरोबर जागी बोट ठेवलंय. विभक्ती बघा. आपण मित्राच्या पाठीशी उभे राहतो, पण मित्राला पाठीशी घालतो. पहिल्यात पाठ मित्राची आहे. तो पुढे, आपण मागे. बाईंसमोर जायचं ते त्यानेच, आपण सोबत आहोत इतकंच. दुसऱ्यात पाठ आपली. तो मागे दडला, पुढे आपण, आणि बाईंना तो दिसतच नाही. म्हणून ‘उभे राहणे’ संकटातही चालतं, चुकीतही चालतं. ‘घालणे’ मात्र काहीतरी लपवायचं असेल तेव्हाच येतं. निवडणुकीत उमेदवाराच्या पाठीशी जनता उभी राहते. जनतेने उमेदवाराला पाठीशी घातलं, असं म्हटलं तर लगेच वाटतं, याने केलंय तरी काय?

‘पांघरूण घालणे’ याच्या शेजारचं, पण ते माणसावर नसतं, कृत्यावर असतं. चुकीवर पांघरूण, चुकणाऱ्याला पाठीशी.

गिरगावची
‘पाठराखण’ राहिलं. नव्या नवरीसोबत सासरी जायची ती पाठराखीण. तिथे लपवाछपवीचा वासही नाही, परक्या घरात मुलीला एकटं वाटू नये एवढंच. आता पेपरात ‘वादग्रस्त वक्तव्याची पाठराखण’ वाचावं लागतं. ‘तळी उचलणे’चंही तेच. खंडोबाच्या तळीभंडाऱ्यातून आलेला शब्द खुशामतीपर्यंत घसरला. (अवांतर झालं, माफी.)

पण शब्दखूळ, ‘पाठीशी घालणे’ नेहमीच वाईट कशाला? बाप हात उगारतो, तेव्हा आई पोराला पाठीशी घालतेच की.

शब्दखूळ
घालते, आणि घालावंच. पण तिथे पाठीमागचा माणूस लहान आहे. बरोबरीच्या मित्राला पाठीशी घातलं की त्याला उगाच कुक्कुलं बाळ केलं. नववीतल्या पोराला “हो बाई, बोलत होतो” म्हणता येतं. तेवढं म्हणायची संधी दोस्ताने हिसकावून घेतली, असं माझं मत. मॉनिटरने नाव लिहावं आणि शिक्षा झाली तर मधल्या सुट्टीत डबा त्याच्याच शेजारी बसून खावा. हे ‘उभं राहणं’.

जुनी बाई
लालबाग-परळ भागात वर्षानुवर्षं शिकवलं, म्हणून बोलते. डबा शेजारी खाईल हो, पण तो दोस्त आठवडाभर ‘चुगलखोर’, ‘चमचा’, ‘खबरी’ म्हणेल त्याचं काय? मुलांच्या तोंडी बाईंना काहीही सांगणं म्हणजे चुगली. आपल्या भाषेत तसं नाही. चहाडी माणसाच्या माघारी होते आणि सांगणाऱ्याला त्यात स्वतःचं वजन वाढवायचं असतं. कागाळी म्हणजे आपलीच कुरकुर मोठ्यांच्या कानावर घालणं. तक्रारीला मात्र कुणावर तरी झालेला अन्याय लागतो. म्हणून शाळेत तक्रारपेटी असते, चहाडीपेटी नसते.

बडबडीचं सोडा, खरी पंचाईत शपथेची. “तुला माझी शप्पथ, कुणाला सांगू नकोस,” म्हणून एखादी मैत्रिणीला हातावरचे वळ दाखवते. शपथ घेणं वेगळं नि घालणं वेगळं. घातलेली शपथ आपण मागितलेली नसते. मुलं फार शहाणी, त्यांनी त्यावर तोडगाही काढलेला असतो: “सुटली म्हण!” माझ्या वर्गात एकीने तसं तीनदा म्हणून घेतलं आणि मग मला येऊन सांगितलं. पुढे काय करायचं ते मोठ्यांचं काम होतं. मुलांसाठीची १०९८ ही हेल्पलाइन १९९६ साली याच मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्थेच्या पुढाकाराने सुरू झाली. तिथे फोन करणाऱ्या मुलीला चहाडखोर म्हणणारा शब्दकोश अजून मी पाहिलेला नाही.

माहीमकर
बाई, हे घरी वाचून दाखवतो. वळांचा भाग मुद्दाम.

कोर्टातला
एक भर घालतो. रोज सत्र न्यायालयात असतो. पोलिसांना एक जबाब दिला आणि पिंजऱ्यात उभं राहून तो फिरवला, की दुसऱ्या दिवशी पेपरात ‘साक्षीदार फितूर’. वर्गात बरोबर उलटं. सगळ्यांनी मिळून ‘आम्हाला माहीत नाही’ ठरवलेलं असतं आणि जो खरं बोलतो त्याला पोरं फितूर म्हणतात. शत्रूला जाऊन मिळणारा तो फितूर, हा जुना अर्थ दोन्हीकडे शाबूत आहे. फक्त वर्गात शत्रू म्हणजे बाई.

गिरगावची
आणि “मला नीट दिसलं नाही बाई” म्हणणारे? त्यांच्यासाठी ‘नरो वा कुंजरो वा’ आहेच. धर्मराजाच्या नावावर खपतं, म्हणून कुणी शिवी समजत नाही इतकंच.