लर्निंग जर्नल ऑनलाइन लिहायलाच पाहिजे का?

कडबाकुट्टी:
काल एका सरांनी लिहिलं की डिजिटल मीडियाच्या प्रत्येक पोरानं दर आठवड्याला ऑनलाइन जर्नल, म्हणजे काय शिकलो त्याची नोंद, लिहिलंच पाहिजे, तेही सगळ्यांना दिसेल असं, आणि जो लिहीत नाही तो शिकतच नाही. डोकं फिरलं वाचून. मी हाच कोर्स नांदेडला केला. आमचं जर्नल म्हणजे सबमिशनच्या आदल्या रात्री सगळी बॅच एकाच्या रूमवर, एकानं लिहायचं, बाकीच्यांनी शब्द फिरवायचे. ‘या आठवड्यात खूप काही शिकायला मिळालं’ हे सगळ्यांच्यात. न वाचता टिक. तेवढ्या वेळात एखादं बातमीचं व्हिडिओ पॅकेज एडिट झालं असतं.

गोदाकाठची:
कॉपी तुम्ही मारली, त्यात जर्नलचा काय दोष? परभणीत शूट करताना ट्यूबलाइटखाली माझा व्हिडिओ फडफडायचा, सगळे म्हणायचे कॅमेरा बदल. प्रत्येक शूटची सेटिंग आणि क्लिप जर्नलमध्ये टाकायचे म्हणून मागच्या नोंदी लावून बघितल्या, तर शटर, म्हणजे एका फ्रेमला कॅमेरा उजेड घेतो तो वेळ, १/६० सेकंद असला की फ्लिकर, १/५० ला नाही. आपली वीज ५० हर्ट्झची, ट्यूब सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होते, १/५० मध्ये बरोबर दोन वेळा, म्हणून प्रत्येक फ्रेमला उजेड सारखाच. यूट्यूबवरचे अमेरिकावाले १/६० सांगतात कारण त्यांच्याकडं ६० हर्ट्झ आहे. हे वर्गात कुणी सांगितलं नव्हतं.

दुष्काळी_ढग:
ताई हे शूट लॉग झालं, ते वहीत लिहा ना, कोण नको म्हणायलंय. भांडण ‘सगळ्यांना दिसेल असं’ याचं आहे. खेड्यातली पोरगी पहिल्यांदा माइक धरते, तिनं ‘मला ऑडिओ जमला नाही’ हे जगासमोर लिहायचं आणि उद्या नोकरी देणारा नाव टाकून तेच वाचणार. आणि ऑनलाइन टिकतं किती? ऑर्कुट २०१४ ला गेलं, गुगल प्लस २०१९ ला. वही माळ्यावर तरी सापडते.

गोदाकाठची:
माळ्यावर उंदीर नसतात का तुमच्या? आणि वहीत क्लिप कशी चिकटवता तेवढं सांगा. नाव दिसायला नको तर टोपणनावानं लिहा, तुम्ही इथं लिहिताच की.

डीटीपीवाला_काका:
सगळं सोडा, पोरं लिहायलेत कशात? कृतिदेव या जुन्या फॉन्टमध्ये टाइप करतात, ऑनलाइन पेस्ट केलं की चिखल, मग माझ्या दुकानात. अरे त्यात आत इंग्रजी अक्षरं असतात, वरून नुसता मराठीचा सदरा. सर्चला सापडत नाही ते यामुळंच. मीडियाच्या कोर्सला युनिकोड, म्हणजे आतूनही खरी मराठी अक्षरं असतात ते, आधी कामून शिकवत नाहीत? इनस्क्रिप्ट हा मराठी कीबोर्ड शिका, थोड्या दिवसांत हात बसतो.

कडबाकुट्टी:
इनस्क्रिप्ट कोण शिकत बसतंय काका, फोनवर रोमनमध्ये हाणलं की मराठी उमटतं.

डीटीपीवाला_काका:
उमटतं ना, ‘आणी’ आणि ‘पाणि’ उमटतं! तसलीच कॉपी पेपरला पाठवायलेत आणि आम्ही ऱ्हस्व-दीर्घ दुरुस्त करत बसायचं, त्याचे पैसे कोण देतं?

लातूरी_मिरची:
बोलून टाइप करा की राव, कोणत्या जमान्यात हाव.

डीटीपीवाला_काका:
उदगीरकडच्या माणसाला त्याच्या बोलीत बोलू द्या फोनपुढं आणि मग बघा काय उमटतं ते. पुण्याची मराठी बोलली तर ठीक. मला नका शिकवू, तुमच्या जन्माआधीपासून कंपोझ करायलोय.

दुष्काळी_ढग:
धागा जर्नलचा आहे का टायपिंग क्लासचा??

डीटीपीवाला_काका:
वाचता आलं तरच जर्नल ना भाऊ!

कडबाकुट्टी:
बरं ताई, ते १/५० घेतलं तुमचं, उद्या लग्नाचं शूट आहे, फ्लिकर गेलं तर तुमचं जर्नल पाठसुद्धा करतो. पण मार्क नकोत त्याला. मार्क लावले की पोरगं सरांना आवडेल तेच लिहिणार. ‘एडिटिंगच्या तासाला सर फोनवरच होते’ असं कोण लिहिणारय?

गोदाकाठची:
मी लिहिलं होतं.

कडबाकुट्टी:
आणि मार्क?

गोदाकाठची:
कमी पडले. पण पुढच्या तासाला फोन खिशातच राहिला त्यांचा.

कडबाकुट्टी:
म्हणजे मी सकाळपासून जे बोंबलायलोय तेच झालं की!!

डीटीपीवाला_काका:
फॉन्ट कोणता होता?