जुन्या बुलेटचे मागचे शॉकअप: कंपनीचे जेन्युइन घाला, महागड्या जोडीचं खूळ सोडा

घाटपायथा

माझी कास्ट आयर्न इंजिनाची स्टँडर्ड ३५० आहे. मागचे शॉकअप गेलेत यात वाद नाही. रॉडला तेल सुटलंय, त्यावर धूळ बसून काळा चिकटा झालाय आणि मागे कोणी बसलं की प्रत्येक स्पीडब्रेकरला खालून ठोकर बसते. वाद आहे तो आता काय घालायचं याचा. मित्रांना विचारलं तर निम्मे थायलंडच्या वायएसएस कंपनीच्या जोडीवर अडून बसले. एकाने तर स्वीडनच्या रेसिंगवाल्या ओहलिन्सपर्यंत मजल मारली. ड्रम ब्रेकच्या गाडीला ओहलिन्स!

माझं मत सरळ आहे. या गाडीचा सगळ्यात मोठा गुण म्हणजे तिचा पार्ट तालुक्याच्या गावी मिळतो. महाडला काही गेलं तर महाडला मिळेल, नाहीतर पुण्यात नाना पेठ आहेच. परदेशी जोडीचं सील गेलं की कुरिअरची वाट बघत बसायचं. असलेला गुण आपल्या हाताने का घालवा? शिवाय जेन्युइन जोडीच्या कितीतरी पट पैसे त्यात जातात. तेवढ्यात दोन्ही टायर, चेन किट आणि पुढच्या फोर्कचं काम होऊन वर मिसळपाव खायला पैसे उरतील.

१९४९ मध्ये बुलेट आली तेव्हा मागचा स्विंग आर्म (चाकासह वर-खाली हलणारा दांडा) आणि शॉकअप हीच तिची मिजास होती. त्या काळी कित्येक गाड्यांचं मागचं चाक फ्रेमला घट्ट आवळलेलं असायचं. बुलेटची ती कीर्ती साध्या तेलाच्या शॉकअपवरच झाली. साठ-सत्तरने चालवायच्या गाडीला आणखी काय हवं?

फटफटी

महाडला मिळेल हे खरं. पण शॉकअप महाडला जातो कधी? क्लच केबल तुटते, पंक्चर होतं, पॉइंट जळतात. शॉकअप असा एकाएकी दगा सहसा देत नाही. तो हळूहळू मरतो आणि आपल्याला त्याची सवय होत जाते. सील फुटलं तरी गाडी घरी येते, डोलत का होईना. वाटेत बंद पाडणाऱ्या पार्टचा नियम शॉकअपला लावू नका.

आता खरा मुद्दा, तो म्हणजे स्प्रिंग. बुलेटच्या मागच्या चाकाला वर-खाली व्हायला जागा जेमतेम ८० मिमी. उदाहरणापुरतं धरा की एका स्प्रिंगचा ताठपणा मिमीला २० न्यूटन आहे, म्हणजे दोन्ही मिळून ४०. मागे ७० किलोचा माणूस बसला, त्याचा भार जवळजवळ सगळा मागच्या चाकावर, म्हणजे ६८६ न्यूटन. गाडी १७ मिमी बसली. गाडीच्या आणि तुमच्या एकट्याच्या वजनाने २५ मिमी आधीच गेले होते. ८० पैकी ४२ खड्डा यायच्या आधीच खर्च! त्यात सॅडल बॅगा आणि गावाकडून येताना तांदळाची पिशवी.

कंपनी एकच स्प्रिंग देते. तिला काय माहीत तुम्ही ५५ किलोचे की ९५ चे? बाहेरचे चांगले बनवणारे आधी वजन विचारतात. इंग्लंडचे हेगॉन तर त्याच कामासाठी ओळखले जातात. तुम्ही, मागे बसणारा, सामान, सगळं सांगायचं आणि त्याप्रमाणे स्प्रिंग. पैसे त्याचे असतात, रंगीत स्प्रिंगचे नाही.

नटबोल्ट

दोघेही जरा थांबा. तेल सुटलं म्हणजे सील गेलं, मान्य. पण गाडी डोलत असेल तर त्याचा सगळा दोष शॉकअपच्या माथी मारण्याआधी गाडी डबल स्टँडवर घ्या आणि मागचं चाक दोन्ही हातांनी धरून आडवं हलवा. कट-कट लागली तर स्विंग आर्मचे बुश किंवा चाकाचं बेअरिंग बघा. ते ढिले ठेवून जगातला कुठलाही शॉकअप लावा, गाडी वळणावर शेपूट हलवणारच. नवी जोडी लावून "काही फरक पडला नाही" म्हणणाऱ्यांत निम्मे या प्रकारातले.

शॉकअप खरोखर मेलाय का हेही हाताने कळतं. काढून स्प्रिंग उतरवा. त्यासाठी स्प्रिंग दाबून धरणारा कॉम्प्रेसर वापरा, पायाने दाबून लॉक काढायचं शहाणपण नको, दात जातील. मग नळी खाली आणि रॉड वर असं उभं धरून रॉड सावकाश आत दाबा, बाहेर ओढा. चार-पाच वेळा केलं की अडकलेली हवा निघते. त्यानंतर हाताला या टोकापासून त्या टोकापर्यंत एकसारखा विरोध लागला पाहिजे. मध्येच रॉड फुकट सरकला तर आत तेल कमी आहे. गॅसचा असेल तर दाबून सोडल्यावर रॉड आपोआप बाहेर येतो. जिथल्या तिथे पडून राहिला तर गॅस गेलाय, आता तो फक्त नावाचा गॅसवाला.

माझं मत विचाराल तर तेलाचा जुना शॉकअप खोलता येत असेल तर सील आणि तेल बदलून घ्या. हे काम करणारे कारागीर अजून आहेत. अट एकच, रॉडचं क्रोम शाबूत हवं. गंजाचे बारीक खड्डे पडले असतील तर नवं सील त्यावर घासून लवकरच फाटतं आणि तुम्ही कारागिराला शिव्या घालता.

घाटपायथा

नटबोल्ट, बुश मागेच बदललेत, चाक हलत नाही. रॉड मात्र खराब आहे, त्यामुळे रिपेअर बाद.

फटफटी, तुमचं गणित चोख आहे. पण मग जेन्युइनलाच कडक स्प्रिंग घातली की झालं! बाजारात मिळतात. नाहीतर बुलेट इलेक्ट्राचे खाचांवाले गॅस शॉकअप घ्यायचे आणि शेवटच्या खाचेवर ठेवायचे. दोन्ही आपल्या ओळखीच्या दुकानात मिळतात. परदेशी कशाला?

फटफटी

खाच फिरवून स्प्रिंग कडक होत नाही हो! खाच फिरवल्याने स्प्रिंग बसवतानाच थोडी जास्त दाबली जाते, त्यामुळे गाडी उभी राहताना वर उचलली जाते. मिमीला २० न्यूटनची स्प्रिंग शेवटच्या खाचेवरही २० चीच राहते. मागे माणूस बसला की तेच १७ मिमी खाली. फक्त सुरुवात वरून होते. उपयोग आहे, नाही असं नाही. पण कमजोर स्प्रिंगचं औषध ते नाही.

आणि नुसती कडक स्प्रिंग घालणं तर आणखी वाईट. स्प्रिंग जेवढी ताठ, तेवढी ती दाबल्यावर जोरात उसळते. ती उसळी धरून ठेवणं हे आतल्या तेलाचं आणि वॉल्व्हचं काम. जुन्या स्प्रिंगसाठी बेतलेल्या वॉल्व्हवर कडक स्प्रिंग चढवली की गाडी खड्ड्यात कमी जाईल, पण बाहेर पडताना तुम्हाला सीटवरून उचलून आपटेल. आयकॉन कंपनीच्या शॉकअपला परतीचं डॅम्पिंग (उसळी रोखायचा जोर) वेगळं फिरवता येतं ते याचसाठी. शिवाय तो खोलून पुन्हा बांधता येतो. जेन्युइन गॅसचा गेला की सरळ भंगारात. मग दर काही वर्षांनी जोडी घ्यायची. स्वस्त नक्की कोण?

डबलसीट

मी चालवत नाही, मागे बसते, त्यामुळे या धाग्यावर मला लिहायचा सर्वांत जास्त हक्क आहे असं मी समजते. 😄

आमच्याकडे बाहेरची नामांकित जोडी हौसेने बसवली. अहोंचं वजन भरपूर, स्प्रिंग त्यांच्या हिशेबाने कडक. ते खूश. "गाडी रुळावरून चालल्यासारखी चालते." असेल, रुळाखालचा प्रत्येक स्लीपर मला मोजता येत होता. चालवणारा दोन चाकांच्या मध्ये बसतो, त्याला मागच्या चाकाच्या दणक्याचा एक हिस्सा लागतो. मी जवळपास त्या चाकाच्याच वर बसते, मला अख्खा लागतो. तुम्ही सगळे मागे बसणाऱ्याचं वजन हिशेबात धरता, पाठ कोणी धरत नाही.

शेवटी सुताराची टेप आणली. गाडी डबल स्टँडवर, चाक लोंबकळतंय. ॲक्सलच्या नटापासून वर मडगार्डच्या एका बोल्टपर्यंत माप घेतलं. मग स्टँड काढून अहो बसले, शेजारच्या मुलाने गाडी धरली, मी पुन्हा तेच माप घेतलं. मग मी मागे बसले आणि टेप त्या मुलाच्या हातात. दोघं मिळून जेमतेम २० मिमी बसत होतो. म्हणजे इकडे ६० मिमी रिकामे आणि माझं डोकं हेल्मेटमध्ये टणाटण. त्याहून एक पायरी नरम स्प्रिंग मागवली आणि खाच एक वर घेतली, तेव्हा कुठे कोकणात जाऊन आले.

तेव्हा फटफटी, वजन विचारून देतात हे बरोबर, पण एकट्या चालवणाऱ्याला विचारून नका मागवू.

मद्रास मेड

जुन्या स्टँडर्डच्या शॉकअपवर पत्र्याची नळी असायची, स्प्रिंग झाकलेली. ती काढून लाल-पिवळी उघडी स्प्रिंग आणि वर गॅसची बाटली लोंबकळवली की गाडी लग्नाच्या बँडमधली दिसते. ज्याला गाडी मूळ रूपात ठेवायची आहे त्याने या चर्चेत पडूच नये. झाकणवाले शॉकअप शोधावेत, सावकाश चालवावं.

पण घाटपायथा, तुम्ही इलेक्ट्राचे म्हणालात म्हणून सांगतो. कुठलीही दुसरी जोडी घ्याल तर दोन्ही डोळ्यांमधली, म्हणजे टोकांच्या बोल्टच्या कड्यांमधली, लांबी आधी मोजा, आतल्या बुशचं भोक मोजा. दुकानदार "बसतं, बसतं, सगळ्यांना बसतं" म्हणेल. लांबी १० मिमीने जास्त असली की चाकाच्या अंतरावरून हिशेब केला तर पुढचा फोर्क अर्ध्या अंशाच्या आतबाहेर उभा होतो. हँडल थोडं चपळ लागतं, काहींना तेच आवडतंही. पण डबल स्टँडवर घेतल्यावर मागचं टायर जमिनीला टेकायला लागतं, साइड स्टँडवर गाडी जास्त कलते आणि चेन पुन्हा बघावी लागते. पंक्चरवाल्यापुढे विटा शोधायची वेळ येते.

नटबोल्ट

बाटलीचा विषय निघालाच आहे तर लिहितो. गॅसमुळे शॉकअप मऊ होतो ही समजूत डोक्यातून काढा. नायट्रोजन दाबाखाली भरतात तो तेलाला फेस येऊ नये म्हणून. आंबा घाटात खराब रस्त्यावर शॉकअप सतत वर-खाली होतो, तेल तापतं, त्यात हवा मिसळली की पिस्टनच्या भोकातून तेलाऐवजी फेस जायला लागतो. सकाळी बरी चालणारी गाडी घाट संपेपर्यंत नाचायला लागते ती यामुळे. गॅसचा फायदा तिथे. चौकातून दूध आणायला जाताना तो कळणारही नाही.

आणि बाटली असलेले सगळे गॅसचे नसतात. स्वस्तातल्या कित्येक जोड्यांना ती नुसती शोभेची असते, आत भरीव किंवा मोकळी, शॉकअपशी काही संबंध नाही. अशा घेण्यापेक्षा घाटपायथांची साधी जेन्युइन शंभर पटीने बरी.

घाटपायथा

शेवटच्या वाक्याबद्दल धन्यवाद, तेवढं फ्रेम करून ठेवतो.

माझा निर्णय सांगतो. वजन ६८, बायको ५४, सामान फारसं नाही. फटफटींच्याच गणिताने बायकोमुळे १३ मिमी. २५ अधिक १३, म्हणजे ३८, अजून ४२ शिल्लक. एवढ्यासाठी इंग्लंडला वजन कळवायची गरज मला दिसत नाही. जेन्युइन घेतोय. तुमचा शॉकअप ९५ किलोच्या माणसाला किंवा रोज घाट चढणाऱ्याला लखलाभ.

फटफटी

६८ आणि ५४ हे पहिल्याच पोस्टमध्ये लिहिलं असतंत तर मी एवढं टंकलं नसतं! या वजनाला जेन्युइन चालेल. पण "महागड्या जोडीचं खूळ" हे शीर्षक सगळ्यांना उद्देशून आहे, त्याला माझा विरोध कायम. २५ हा आकडा मी उदाहरणाचा घेतला होता, तुमच्या गाडीचा नव्हे. डबलसीट यांनी सांगितलं तसं टेपने मोजा. दोघं बसल्यावर ४५ च्या पुढे गेला तर ही चर्चा परत उघडू.

साइड स्टँड

मध्येच विचारतो. माझा फक्त डावा गळतोय, उजवा ठीक आहे. एकच बदलला तर चालेल का?

नटबोल्ट

नाही. एक नवा ताठ, दुसरा जुना बसलेला, स्विंग आर्म पिळत राहतो आणि बुश लवकर जातात. जोडीच घ्या. आणि चांगला निघालेला उजवा फेकू नका, खालच्या डोळ्याचं रबर कोणाच्या तरी कामी येतं.