मिक्सर आणि बीटर

‘मिक्सरमध्ये रद्दी फिरवली की झाला हातकागद’ असं म्हणतात, ते भेटकार्डापुरतं ठीक. वही बांधायची तर मला पटत नाही. मिक्सरचं पातं तंतू तोडतं. बीटर, म्हणजे लगदा कुटायचं यंत्र, ते ठेचून पिंजतो, म्हणून घडीवर कागद तुटत नाही. शिवाय वर्तमानपत्रात लिग्निन हे लाकडातलं द्रव्य असतं, त्याने रद्दीचा कागद पिवळाही पडतो. सुती चिंध्यांचा लगदा घेऊन बघाच.

आणि सामायिक कार्यशाळेत पाण्यात कालवलेल्या लगद्याचा हौद सगळ्यांचा असतो, हे कुणी सांगत नाही. प्रत्येक तावासोबत लगदा पातळ होत जातो. मी एकदा लगद्याची भर घालायची विसरले, तर पुढच्या काकूंचे ताव कापडावरून सोडवताना फाटले. आता ताव उचलायचा जाळीचा साचा बुडवण्याआधी तळापासून ढवळून बोटांनी दाटपणा बघते.