हातचा शिकवण्याआधी गठ्ठा बांधू द्या

मूल ४७ + ३८ चं उत्तर ८५ ऐवजी ७१५ लिहितं, तेव्हा त्याला आणखी गणितं घालून द्या, असा सल्ला दिला जातो. त्याने चूक फक्त पक्की होईल. ७१५ लिहिणाऱ्या मुलाला ७ + ८ = १५ येतंय; एककाच्या घरात एकच अंक मावतो, हे उमगलेलं नाही. उत्तर ७५ आलं तर हातचा विसरला. १२१ आलं तर १ खाली लिहून ५ हातचा घेतलाय. तिन्हींवर उपाय वेगळे.

पहिल्यासाठी काड्या आणि रबरबँड घ्या. ४७ साठी दहा-दहाचे ४ गठ्ठे ७ सुट्या, खाली ३८ साठी ३ गठ्ठे ८ सुट्या. सुट्या एकत्र केल्या की १५. त्यातल्या १० मुलानेच मोजून बांधायच्या आणि नवा गठ्ठा दशकाच्या बाजूला सरकवायचा. तयार गठ्ठा हातात देऊ नका, सगळी मेख त्या बांधण्यातच आहे. गठ्ठा सरकला की लगेच वहीत दशकावर १ लिहायचा. काड्या आज आणि लेखन पुढच्या आठवड्यात असं केलं तर दोन्हींचा संबंध लागत नाही. १२१ वाल्याला विचारा, ‘हा ५ म्हणजे पाच गठ्ठे का?’

अपूर्णांकांतही हाताने करून बघणंच कामी येतं. मुलांना १/४ हा १/२ पेक्षा मोठा वाटतो, कारण ४ मोठा. सारख्या लांबीच्या दोन कागदी पट्ट्या, एक दोन आणि दुसरी चार सारख्या भागांत दुमडून, एकाखाली एक ठेवा. लांबी वेगळी असेल तर तुलनाच फसते.