क्लाइव्ह बार्कर : भयकथाकार दिग्दर्शनाकडे का वळले?

प्रश्न
क्लाइव्ह बार्कर यांचे १९८४-८५ मध्ये आलेले ‘बुक्स ऑफ ब्लड’ या भयकथासंग्रहाचे सहाही खंड नुकतेच वाचून संपवले आणि अक्षरशः भारावून गेलो. भयकथाकार म्हणून एवढे नाव झालेले असताना ते दिग्दर्शनाकडे का वळले, आणि अवघ्या तीन पूर्ण लांबीच्या चित्रपटांनंतर का थांबले?

प्रतिसाद १
वळले ते मुख्यतः नाइलाजाने. ‘अंडरवर्ल्ड’ आणि ‘रॉहेड रेक्स’ या चित्रपटांच्या पटकथा त्यांच्या होत्या, दिग्दर्शन मात्र जॉर्ज पावलू यांचे, आणि पडद्यावर जे उतरले ते पाहून बार्कर कमालीचे निराश झाले. म्हणून ‘द हेलबाउंड हार्ट’ या आपल्या लघुकादंबरीवर चित्रपट करायची वेळ आली, तेव्हा सूत्रे त्यांनी स्वतःकडेच ठेवली. सुमारे दहा लाख डॉलरच्या तुटपुंज्या खर्चात १९८७ साली ‘हेलरेझर’ तयार झाला.

प्रतिसाद २
नाइलाज खराच, पण दृश्याची ओढ मुळातली आहे. १९५२ साली लिव्हरपूलमध्ये जन्मलेले बार्कर कथा छापून येण्याआधी नाटके लिहीत आणि बसवत होते. लघुपटही त्यांनी सत्तरच्या दशकातच केले होते. ‘हेलरेझर’मधले पिनहेड हे भयावह पात्र साकारणारे डग ब्रॅडली हे त्यांचे शाळेपासूनचे मित्र आणि नाटकातले सहकारी. तो चेहरा एकदा निरखून पाहा : सबंध डोक्यावर उभ्या-आडव्या चिरांची जाळी, प्रत्येक छेदावर ठोकलेला एक खिळा, आणि बोलणे मात्र संथ, सुसंस्कृत. तो अंगावर धावून येत नाही, आरडाओरडा करत नाही, म्हणूनच त्याची दहशत वाटते. माझ्या मते ही जाण रंगभूमीवरूनच आलेली आहे.

प्रतिसाद ३
थांबण्यामागे स्टुडिओंचा हस्तक्षेप हे मोठे कारण असावे. स्वतःच्या ‘कबाल’ या कादंबरीवरून त्यांनी १९९० साली ‘नाइटब्रीड’ केला. स्मशानभूमीखाली दडून राहणारे राक्षस त्यात सहानुभूतीचे धनी आहेत, तर खरा क्रूर माणूसच. स्टुडिओने मात्र त्याची बेसुमार काटछाट केली आणि जाहिरात अशी केली की तो खुनसत्राचाच चित्रपट वाटावा. पुढे १९९५ च्या ‘लॉर्ड ऑफ इल्यूजन्स’लाही कात्री लागली. त्यानंतर ते चित्रकलेत आणि लेखनात रमले. ‘अबारात’ ही त्यांची कादंबरीमालिका तर आधी रंगवलेल्या चित्रांतूनच जन्मली. आपण ‘नाइटब्रीड’ पाहणार असाल, तर २०१४ साली आलेली दिग्दर्शकाची आवृत्तीच आवर्जून पाहावी.